बाबांचा प्रश्न नोकरीचा, तुझा लॅपटॉपचा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझ्या बाबांचा फोन येऊन गेला. मुंबईच्या जे.जे. अप्लाइड आर्ट कॉलेजला प्रवेश मिळाल्याचं कौतुक सांगून झालं, मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ‘पुढे नोकरीबिकरी मिळते ना यात?’ मागून तुझा आवाज ऐकू येत होता, ‘लॅपटॉप कोणता ते विचारा!’ दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नव्हते, म्हणून लिहायला बसलो.

लॅपटॉप आत्ता घेऊ नकोस. पहिलं वर्ष फाउंडेशनचं. त्यात कागद, चारकोल, पोस्टर कलर आणि अक्षरं. महागडं मशीन तेव्हा बॅगेत पडून राहील आणि खरी गरज लागेपर्यंत जुनं होईल. घरातल्या कॉम्प्युटरवर ब्लेंडर आणि क्रिता ही अॅनिमेशन-चित्रांची सॉफ्टवेअर टाक. दोन्ही फुकट आहेत, हात बसवायला पुरतात. पुढे तू फोटोग्राफीकडे वळशील, टायपोग्राफीकडे की अॅनिमेशनकडे, ते ठरलं की मग बघू. वाचलेल्या पैशातून एक साधा साउंड रेकॉर्डर आणि दोन हार्ड डिस्क घे. दोनच का, ते सबमिशनच्या आदल्या रात्री एक बंद पडली की कळेल.

फाउंडेशनला तुझी चिडचिड होणार. एलिमेंटरी, इंटरमिजिएट ‘ए’ ग्रेडमध्ये पास झालेली मुलगी, आणि इथे परत मडकं आणि कापडाची चुणी! पण त्या परीक्षांचं स्मरणचित्र आठव. क्लासमध्ये काय शिकवतात? बाजाराचं दृश्य पाठ करा, भाजीवाली डावीकडे, छत्रीवाला मागे, कोपऱ्यात कुत्रं. मार्क मिळतात, पण तो बाजार कुणीच पाहिलेला नसतो. जे.जे.त येताना एवढी एक सवय सांगलीला सोडून ये. तुझ्या कॉलेजपासून क्रॉफर्ड मार्केट चालत पाच-सात मिनिटांवर आहे. तिथे उभी राहून बघ, वही न उघडता. ओझं डोक्यावर घेतलेला माणूस वळताना आधी काय वळवतो? मान तर वळवूच शकत नाही. घरी येऊन ते काढ. स्टोरीबोर्ड, म्हणजे सिनेमाचे प्रसंग आधी चित्रांत मांडणं, बहुतांशी हेच असतं, आणि इथे पाठांतर लगेच उघडं पडतं.

तयार चित्रं देणारी एआयची साधनं आता सगळ्यांच्या हातात आहेत. ती वापरू नकोस असं मी सांगणार नाही, तू ऐकणारही नाहीस. पण नुसतं ‘बाजार’ म्हटलंस तर तीही पाठ केलेलाच बाजार देतात. तो खोटा का वाटतो हे ओळखायला तू खरा पाहिलेला असायला हवा.

तुझ्याच कॉलेजच्या आवारात 1885 मध्ये धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे सिनेमावाले दादासाहेब, शिकायला आले होते. पुढे बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, छपाई, शिवाय जादूचे प्रयोगसुद्धा. लोकांना हे धरसोडीचं आयुष्य वाटत असणार. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय केलं माहीत आहे? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा जागचा न हलवता त्याचा कोंब कसा वाढतो ते रोज थोडं थोडं चित्रित केलं. पैसे लावणाऱ्याला पटवायचं होतं की हे यंत्र काय करू शकतं. त्यात नट नाही, सेट नाही, कथासुद्धा नाही. यंत्राला येतं आणि डोळ्यांना येत नाही असं नेमकं एक काम त्यांनी निवडलं. नवं साधन हातात आलं की तू हाच प्रश्न विचार. बाकीची मुलं तोवर ट्युटोरियल बघून उडणारे लोगो करत असतील. करू देत.

दुसरं, आपल्याच वर्गात बसून राहू नकोस. शेजारी स्कूल ऑफ आर्ट आहे. तिथे लिथोच्या, म्हणजे छपाईच्या, दगडावर काम कसं चालतं ते बघून ये, मातीत हात घाल. 1969 मध्ये अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. चित्रकार माणूस, जे.जे.चाच. त्यांनी त्या पैशातून मुंबईत ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ काढलं आणि चित्रकार, कॅमेरावाले अशी वेगवेगळ्या कामांतली माणसं एकत्र आणली. जे.जे.तून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानी तिथेच कॅमेऱ्याकडे वळल्या. आज व्हिडिओ कलेत त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. 1969 मध्येच अहमदाबादच्या एनआयडीत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, बसवून ध्वनीचा स्टुडिओ उभा केला होता. डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत सिंथेसायझर!

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर मुलं इथेच सगळ्यात जास्त मार खातात. चित्रावर महिना घालवतात आणि आवाज शेवटच्या रात्री नेटवरून उतरवतात. मग कोल्हापूरच्या गल्लीत कुठल्या तरी परदेशी शहरातली रहदारी ऐकू येते. प्रत्येक जागी शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घे. एडिटिंग करताना दोन तुकड्यांमधलं भगदाड त्यानेच बुजतं. आणि पात्रांना तुझ्या घरातली बोली बोलू दे. मालिकेतलं मराठी सगळ्यांकडे आहे.

अक्षरांचंही तसंच. विंडोजमध्ये अनेक वर्षं समोर येत आलेला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशींनी केलेला. ते आधी जाहिरातीत होते, मग मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत. तो पडद्यावर वाचायला केलेला फॉन्ट, आणि मुलं तोच ताणून पोस्टरवर लावतात. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ मोफत मिळतात, ते वापरून बघ. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींचं सेटिंग आधी चालू कर, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. काम तपासणाऱ्या ज्युरीसमोर मोठ्या पडद्यावर ‘विठ्ठल’ फुटलेला दिसला की पुढचं कुणी ऐकत नाही.

ज्युरीत तत्त्वज्ञान सांगू नकोस. काय करून पाहिलं, काय फसलं, काय ठेवलं, एवढं पुरे. ‘मानवी अस्तित्वाची घुसमट’ आम्ही परीक्षक दरवर्षी ऐकतो.

आता बाबांचा प्रश्न. काम मिळतं. पण सुरुवातीला बऱ्याचदा रोटोचं मिळतं, म्हणजे परदेशी सिनेमातल्या माणसाची कडा फ्रेममागून फ्रेम कापत बसायचं. मुंबई-पुण्यात असे स्टुडिओ आहेत. पगार बेताचा, रात्रपाळीही असते. वर्षभर कर, नजर तयार होते. त्याच्या पुढे राहायचं असेल तर त्या वर्षातच स्वतःचं काम चालू हवं. इंटर्नशिपला मानधन किती आणि केलेलं काम शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, दाखवता येईल का, हे आधी लेखी घे. विचारायला लाजू नकोस. विचारल्याबद्दल जो रागावेल त्याच्याकडे जाऊच नकोस.

पहिलं अॅनिमेशन दहा सेकंदांचंच कर. सेकंदाला 12 चित्रं धरली तरी 120 होतात. काढून झाली की मला पाठव, रंगवायच्या आधी. पेन्सिलीचीच बघायची आहेत.

तुझा,
काका