युरिया शेतात उडतो, पेंढ्यात मुरत नाही

प्रश्न : काळ्या रानात कपाशीला युरिया फेकून दिला. जमीन ओली होती, पण पुढे आठवडाभर पाऊस नाही. रानात उग्र वास आला आणि झाडं पिवळीच राहिली. निमकोटेड युरिया असूनही असं का?

उत्तर : तो वास अमोनियाचा, म्हणजे तुमच्या पैशाचा. पाण्याशी क्रिया होऊन युरियाचा रेणू फुटतो, तेव्हा अमोनिया सुटतो. पण त्यासाठी आधी ठरावीक ऊर्जा लागते, तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. हा मोठा बांधच समजा. स्वच्छ, जंतुविरहित पाण्यात तो ओलांडणारे रेणू इतके थोडे की युरिया वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. जमिनीतलं युरिएज हे विकर (एन्झाइम) हा बांध खाली आणतं आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. ऊन वाढलं की वेग आणखी वाढतो. साधारण 10 अंशांना दुप्पट धरा.

दाणा वरच विरघळला की त्याच्याभोवतीचा सामू (pH) चढतो. त्यात चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू मुळातच 8 च्या आसपास, मग अमोनिया मातीत धरून राहत नाही. कडुनिंबाच्या तेलाचा लेप मुख्यतः पुढच्या टप्प्यावर, अमोनियमचं नायट्रेट होताना, लगाम घालतो. हा वास थांबवणं त्याच्याकडून फारसं होत नाही. गोणीवर लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका.

युरिया झाडाच्या बाजूला दोन इंच खोल देऊन मातीआड करा, किंवा फेकल्यावर लगेच पाणी द्या. दव पडलेल्या सकाळी नुसता फेकणं सगळ्यात वाईट. आता पुन्हा गोणी ओतण्याआधी पानं बघा. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर नत्र कमी. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता, तिथे युरियाचा उपयोग नाही.

प्रश्न : जनावरांच्या चाऱ्यासाठी भाताच्या पेंढ्याला युरिया लावून 21 दिवस झाकला. थंडीत उघडला तर वास नाही, रंगही बदलला नाही.

उत्तर : क्रिया तीच, पण इथे ती पूर्ण व्हायला हवी. 100 किलो कोरड्या पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाणी हे प्रमाण ठीक. थंडीत वेग मंदावतो म्हणून 28 दिवस ठेवा. एवढं करूनही वास नसेल तर प्लास्टिक फाटलंय का, पेंढा नीट दाबला होता का, ते तपासा. तयार पेंढा पिवळसर तपकिरी होतो आणि नाकात झोंबतो. काही तास मोकळा पसरून मगच जनावरांना घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. कच्चं सोयाबीन सोबत अजिबात नको. त्यात भरपूर युरिएज असतं, उरलेला युरिया पोटात झपाट्याने फुटतो आणि जनावराला अमोनियाची विषबाधा होते.