'पिकुकुह'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : जावा बेटावरच्या बादुई लोकांबद्दलच्या एका मराठी लेखात त्यांच्या 'पिकुकुह'ला, म्हणजे परंपरेने पाळायच्या नियमांना, 'अंधश्रद्धेतून आलेली बंदी' म्हटलंय, आणि त्यांच्या शेतीला 'मागास शेती'. हे बरोबर आहे का? आणि त्यांच्या जंगलाला 'देवराई' म्हणता येईल का?

'बंदी' नकोच. बंदी कुणीतरी घालतं आणि कधीतरी उठवतं. पिकुकुह वाडवडिलांकडून आलेला असतो आणि तो पाळायचा असतो. म्हणून मी 'नेम' म्हणेन. 'दंडक'ही चालेल, पण त्याला जरा दरबारी वास येतो.

हे लोक इंडोनेशियाच्या बांतेन प्रांतात, लेबाक जिल्ह्यातल्या कानेकेस गावात राहतात. स्वतःला ते 'उरांग कानेकेस', म्हणजे कानेकेसची माणसं, म्हणवतात. त्यांच्या धर्माचं नाव सुंदा विवितान. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध नेम मराठीत असा बसतो : लांब ते तोडू नये, आखूड ते जोडू नये. ऐकायला हे सुभाषित वाटतं, पण घर बांधतानाही ते लागू होतं. उतार खणून जमीन सपाट करायची नाही, म्हणून खालच्या अंगाचे खांब उंच आणि वरच्या अंगाचे बुटके. ओढ्याचं पाणी वळवायचं नाही. नेम सगळ्यात कडक पाळणाऱ्या आतल्या तीन वस्त्यांत (चिबेओ, चिकेर्तावाना, चिकेउसिक) ओढ्यावर साबणही चालत नाही. तिथला कुणी नेम मोडला तर त्याला बाहेरच्या बादुई वस्तीत जावं लागतं.

शेतीबद्दल लिहिताना नुसतं 'भातशेती' लिहू नका. वाचकाच्या डोळ्यांपुढे चिखलणी आणि लावणी येते, आणि बादुईंना नेमकं तेच वर्ज्य आहे. ना नांगर, ना बैल, ना रेडा. त्यांची 'हुमा' म्हणजे आपल्याकडची कुमरी : डोंगरउतारावरचा तुकडा साफ करून जाळायचा, टोकदार काठीने भोकं पाडून भाताची टोकणणी करायची, मग ती जमीन पडीक ठेवून पुढच्या तुकड्याकडे वळायचं. सह्याद्रीत इंग्रजी अमदानीतल्या वनखात्याने कुमरीला जंगलाची वैरीण ठरवलं. कानेकेसमध्ये तीच पूजा आहे. भात म्हणजे देवी न्यी पोहाची; पेरणीच्या वेळी तिचं धरतीशी लग्न लावतात. हुमाचा भात विकायचा नाही, कोठारात साठवायचा. लेखातली 'मागास शेती' मला म्हणूनच खटकली.

'तपा' हा शब्दही त्यांच्याकडे आहे, आपल्याच 'तप'चा भाऊबंद. पण डोळे मिटून बसणं हा त्याचा अर्थ नाही. जगाचं मूळ आपल्या डोंगरात आहे, ते जपणं आपल्याकडे आलंय, आणि शेतात राबणं हेच तप, अशी त्यांची धारणा आहे.

आता देवराई. सरसकट नको. नद्यांच्या उगमाकडे 'सासाका दोमास' नावाचं पवित्र ठिकाण आहे. तिथे 'पुऊन', म्हणजे धर्मप्रमुख, आणि निवडक माणसंच वर्षातून एकदा जातात. त्या रानाला खुशाल देवराई म्हणा. डोंगरमाथ्यावरच्या बाकी जुन्या जंगलाला 'राखीव रान' पुरे. आणि पडीक सोडलेल्या हुमावर उगवलेलं रान यांपैकी काहीच नाही, ते उद्याचं शेत आहे.

जाता जाता : 'पुऊन'चं भाषांतर 'सरपंच' करू नका. सरकारदरबारी बोलणी करायला 'जारो' हा वेगळा माणूस असतो. सरपंच म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा.