डुकरांचं भाडं घ्यायचं की सापळा लावायचा?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतो. २०२१ मध्ये टेक्सासमधल्याच मायलम काउंटीत (जिल्ह्यात) ६४ एकर जमीन घेतली. २२ एकरांवर गवत आहे, ते कापून नेणारा वर्षाला १,८०० डॉलर देतो. उरलेल्या जमिनीवर शेजाऱ्याची गुरं चरतात, त्याचे ६३० डॉलर मिळतात. गेल्या हिवाळ्यात रानडुकरांनी गवताचं रान उकरून टाकलं. ह्यूस्टनचे चार शिकारी डुकरांच्या शिकारीसाठी वर्षाला ३,००० डॉलर द्यायला तयार आहेत, तीन वर्षांचं लीज मागतात. पत्नीचं म्हणणं, त्यापेक्षा मोबाइलवरून बंद होणारा मोठा सापळा घेऊ. त्याचं कोटेशन ६,८०० डॉलर आहे. आम्ही शाकाहारी, त्यामुळे तिला बंदुका नकोशा वाटतात. सापळ्यासाठी ४०१(के) या निवृत्ती खात्यातून कर्ज काढावं का? मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल.

उत्तर : लीजचा मसुदा सोबत जोडलात, ते फार बरं केलंत. ३,००० हा आकडा पाहून कोणालाही मोह होईल. गवत आणि चराई मिळूनही तुम्हाला २,४३० च मिळतात. पण माझं लक्ष अडकलं ते सातव्या कलमावर. शिकाऱ्यांच्या लेखी संमतीशिवाय जमिनीवर सापळा लावायचा नाही, आणि त्यांना डुकरांसाठी मका टाकणारे फीडर वर्षभर चालू ठेवता येतील, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे हे लोक तुमची डुकरं संपवायला येत नाहीयेत. डुकरं टिकावीत म्हणून ते तुम्हाला पैसे देत आहेत.

यात त्यांची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. दर शनिवारी रात्री अंधारात दाखवणारी थर्मल दुर्बीण लावून बसायचं, तर समोर काहीतरी यायला हवंच. पण तुमचा हिशोब वेगळा आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेचे लोक सांगतात की डुकरांची संख्या नुसती आहे तिथे रोखायची तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश जनावरं काढावी लागतात. मादी सहा-आठ महिन्यांत माजावर येते, ११५ दिवसांत विते, आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात. चार माणसं शनिवारी दोन-तीन डुकरं टिपतील, उरलेला कळप बावचळून आठवडाभर शेजारच्या रानात जाईल आणि मक्याच्या वासाने परत येईल.

या राज्यात डुकरांचा सुळसुळाट झाला, त्यातही शिकारीच्या हौसेचा हात आहे. पाळीव डुकरं स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणली, ती रानात सुटली. १९३० च्या दशकात शिकारीसाठी म्हणून युरोपातली रानडुकरं मुद्दाम सोडली गेली, आणि दोन्हींचा संकर झाला. दुसऱ्या एका राज्याचा अनुभवही तोच. टेनेसीने १९९९ मध्ये डुकरांची शिकार राज्यभर खुली केली. संख्या घटेल हा हेतू, पण हौशी लोकांनीच डुकरं नव्या नव्या भागांत नेऊन सोडली. शेवटी २०११ मध्ये त्या राज्याला धोरण फिरवावं लागलं.

आता पैशाकडे वळू. तुमच्या पत्रात डुकरांच्या नुकसानीचा आकडा १,८०० आहे, म्हणजे गवताचं उत्पन्न. खरी जोखीम तुम्ही जोडलेल्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) नोटिशीत आहे. जमिनीचा बाजारभाव तिथे ५ लाख १२ हजार डॉलर लावला आहे. शेतीचा दर्जा असल्यामुळे तुम्हाला जेमतेम शंभर डॉलर कर येतो. हा दर्जा गेला आणि एकूण दर दीड टक्का धरला, तर कर होतो ७,६८०. दरवर्षी.

दर्जा टिकतो तो जमिनीवर त्या भागाच्या रिवाजाइतकी शेती चालू असेल तर. गवत कापणारा तुम्हाला काय म्हणाला, ते तुम्ही ओझरतं लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं : उकरलेल्या खड्ड्यांत ट्रॅक्टरचं पुढचं चाक बसतं, कापणीयंत्राची पाती ढेकळांवर आपटून तुटतात, गठ्ठ्यांत माती येते आणि घोड्यांचे मालक असे गठ्ठे परत पाठवतात, पुढच्या वर्षी रान सपाट नसेल तर तो येणार नाही. तो गेला की २२ एकर पडीक. नुसत्या पडीक जमिनीला लगेच रोलबॅक कर लागत नाही. मागच्या तीन वर्षांच्या करातला फरक वसूल होतो तो वापर बदलल्यावर. पण त्या २२ एकरांची सवलत धोक्यात येते, आणि त्या ७,६८० मध्ये त्यांचा वाटा साधारण २,६०० डॉलरचा आहे. शिकाऱ्यांच्या ३,००० मधून फेडरल इन्कम टॅक्स वजा करा. तुमच्या २४ टक्क्यांच्या स्लॅबने हातात २,२८० उरतात. (राज्याचा इन्कम टॅक्स टेक्सासमध्ये नाही, तेवढंच सुख.) २,२८० साठी गवताचे १,८०० आणि कराचे २,६०० पणाला लावायचे, हा सौदा मला पटत नाही.

शिकारीचं लीज केलं म्हणून शेतीचा दर्जा जात नाही, हेही सांगतो. मुख्य वापर शेतीचा राहिला की झालं. त्यामुळे शिकाऱ्यांना सरळ नाही म्हणू नका, उलटा प्रस्ताव द्या. सातवं कलम काढायचं, फीडर गवताच्या रानापासून लांब आणि सापळा लावलेल्या दिवसांत बंद, मुदत एक वर्ष, आणि त्यांचा स्वतःचा दायित्व विमा, ज्यात तुमचं नाव असेल. याला ते १,५०० देत असतील तरी घ्या. नाही म्हणाले तर ते कशाचे पैसे देत होते, ते तुम्हाला कळेल. हरीण किंवा डव्ह (पारवा-होल्यासारखे पक्षी) यांची शिकार त्यात आली, तर ५०० एकरांखालच्या जमिनीसाठी राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा ७९ डॉलरचा लीज परवाना काढावा लागेल.

सापळ्याबद्दल वहिनींचं म्हणणं मला पटतं, पण दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. पहिली, सापळा म्हणजे अहिंसा नव्हे. पकडलेलं डुक्कर दुसरीकडे नेऊन सोडणं टेक्सासमध्ये बेकायदा आहे. एकतर ते सापळ्यातच मारायचं, नाहीतर जिवंत मान्यताप्राप्त केंद्रावर किंवा कत्तलखान्यात पाठवायचं. तुमच्या घरात हे कोणी करणार नसेल, तर काउंटीतला एखादा व्यावसायिक ट्रॅपर बघा. काही जण डुकरं स्वतःकडे ठेवायच्या बोलीवर मजुरी कमी घेतात. डुक्कर मारलं तर कायद्यात अडकू, ही जी भीती तुम्ही लिहिलीत, ती भारतातल्या गावाकडची सवय आहे. तिथे रानडुकराला हात लावायचा तर वनखातं आडवं येतं. इथे २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की शिकारीचा परवानाही लागत नाही.

दुसरी गोष्ट, ६४ एकरांवर एकट्याने सापळा लावून उपयोग नाही. एका कळपाचा वावर काहीशे एकरांचा असतो. रात्री तुमच्याकडे, दिवसा शेजाऱ्याच्या नाल्यात. ६,८०० चा सापळा दहा वर्षं चालला आणि मका, कॅमेऱ्याचा डेटा यांना वर्षाला ६०० लागले, तर खर्च पडतो वर्षाला १,२८०. एकट्याला हे जड आहे. तिघांत वाटला तर प्रत्येकी सुमारे ४३० होतात, आणि सापळा कळपामागे फिरवता येतो. चराईवाले शेजारी आणि नाल्यापलीकडचे, या दोघांशी बोला. उकरलेलं रान त्यांचंही असणार.

सापळा घेतलात तर घाई करू नका. आंबवलेला मका आठ-पंधरा दिवस नुसता टाकत राहायचं, दार उघडंच. कॅमेऱ्यात चौदा डुकरं दिसत असतील आणि पहाटे तीनला नऊच आत असतील, तर बटण दाबायचं नाही. बाहेर राहिलेली पाच पुन्हा सापळ्याजवळ फिरकत नाहीत. अख्खा कळप एकदम गेला, तरच ६,८०० वसूल होतात.

हेलिकॉप्टरमधून डुकरं मारण्याबद्दलही पत्रात विचारलंत. २०११ च्या कायद्याने ते चालतं, पण ६४ एकरांसाठी हेलिकॉप्टर उडवणं म्हणजे मुंगीवर तोफ. कुंपण फक्त गवताच्या २२ एकरांना घालायचं म्हटलं तरी चौकोनाचा घेर जवळपास ३,९०० फूट. फुटाला आठ डॉलर धरले तर ३१ हजार. सोडून द्या. २०२४ पासून मिळणारं वॉरफरिनचं विषारी खाद्य लायसन्सशिवाय वापरता येत नाही, आणि दुसऱ्याची गुरं चरत असलेल्या जमिनीवर ते मी नकोच म्हणेन.

४०१(के)ला हात लावू नका. नोकरी सुटली तर उरलेलं कर्ज पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं, नाहीतर त्यावर कर आणि तुमच्या वयाला १० टक्के दंड. तुमच्याकडे सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक आहे. तुमच्या वाट्याचे २,३०० त्यातून द्या आणि मार्चपर्यंत भरून काढा. मुलीचं ५२९ (कॉलेजसाठीचं बचत) खातं यात येऊ देऊ नका.

एक पैसाही खर्च करण्याआधी कॅमेरन गावी काउंटी एक्स्टेंशन ऑफिसमध्ये (कृषी विस्तार सेवेच्या कार्यालयात) जा. सापळा भाड्याने किंवा उसना मिळतो का आणि यूएसडीएच्या (केंद्रीय कृषी खात्याच्या) वाइल्डलाइफ सर्व्हिसेसचा माणूस येऊन पाहणी करेल का, हे विचारा. मग गवतवाल्याला फोन करून नांगरून सपाट करायचा खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी दाखवा. शिकाऱ्यांना उत्तर त्यानंतर द्या.