जिल्हा रुग्णालयात सर्जरी शिकावी का?

प्रश्न : मुलीला जिल्हा रुग्णालयात जनरल सर्जरीची डीएनबीची (रुग्णालयात शिकून मिळणाऱ्या पदव्युत्तर पदवीची) जागा मिळते आहे. तिथली ऑपरेशनची दुर्बीण बंद पडलेली, सामान कायम अपुरं. वर्षभर थांबून मेडिकल कॉलेजात एमएस या सर्जरीच्या पदवीसाठी प्रयत्न करावा का? अशा ठिकाणी हात बसेल का? – एक आई, शिरपूर

ताई, हात बसण्याची काळजी नको. मोठ्या कॉलेजात पहिल्या वर्षी बराच वेळ रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला ओढून धरणारं अवजार) धरण्यात जातो. जिल्ह्याच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, आतडं फुटलेले रुग्ण रोजचे; तिच्या हाती सुई लवकर येईल. दुर्बिणीचा सराव मात्र कमी पडेल, तो पुढे सीनियर रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या नोकरीत, करून घ्यावा लागेल. शिवाय आता एमएसच्या विद्यार्थ्यांनाही तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात.

सामानाच्या टंचाईचं म्हणाल तर उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या ऑपरेशनात आत शिवायच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. (घरची मच्छरदाणी कापून नव्हे!) अनेक ठिकाणच्या सर्जननी मिळून नोंदी ठेवल्या, २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त निबंध आला. पुढे युगांडात अशा स्वस्त जाळीची नेहमीच्या जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात हर्निया उलटण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. तुमच्या मुलीला प्रबंध लिहावाच लागणार आहे. असा विषय चकचकीत ओटीत सहसा सुचत नाही.

पण जाळीला पर्याय निघतो, भूलतज्ज्ञाला निघत नाही. मी डॉक्टर नाही, तरी इतक्या रेसिडेंटांशी (रुग्णालयात शिकणाऱ्या डॉक्टरांशी) बोलल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे : रात्री दोन वाजता पोट फुगलेला रुग्ण आला आणि भूल द्यायला कुणी नसेल, रक्ताची पिशवी मिळायला तास-दीड तास लागणार असेल, तर सर्जन असूनही रुग्ण १०८ मध्ये बसवून पुढे पाठवावा लागतो. तीन वर्षं हेच चाललं तर मुलगी रेफरची चिठ्ठी लिहायला शिकेल. म्हणून बंद दुर्बिणीपेक्षा हे विचारा : भूलतज्ज्ञ पूर्णवेळ आहे की बोलावल्यावर येणारा? रक्तपेढी आवारात आहे का? रात्रीच्या केसला वरिष्ठ सर्जन स्वतः उभे राहतात की फोनवर सांगतात? मागच्या बॅचमधले किती जण अंतिम परीक्षा पास झाले? डीएनबीची परीक्षा देशपातळीवरची, आणि ती सोपी नाही.

भूलतज्ज्ञ आणि वरिष्ठांची सोबत, या दोन गोष्टी असतील तर जागा घ्या. नसतील तर वर्ष थांबलेलं परवडेल. चौकशी जागा स्वीकारण्याआधी करा. रुजू होऊन मध्येच सोडणं फार महागात पडतं. कार्यालयात विचारू नका, तिथे सगळं छानच सांगतील. रात्री नऊनंतर, चहाच्या टपरीवर सध्याचे रेसिडेंट भेटतात. आणि तिला एकटीला जाऊ द्या. आई सोबत असली की ती मुलं खरं बोलत नाहीत.