‘हिला या वयात बाहुलीघराचं वेड लागलंय’

घरातलं पन्नाशी-साठीचं माणूस अचानक एखाद्या छंदात बुडालं की बाकीच्यांना धास्ती बसते. कुणाची आई रात्री बारापर्यंत क्रोशा घेऊन बसते, कुणाचे वडील जुने रेडिओ उघडून ठेवतात, आणि मग मला विचारणा होते, ‘मॅडम, हे नॉर्मल आहे ना?’ परभणीत समुपदेशन करताना हा प्रश्न वरचेवर येतो. त्यातली एक केस संबंधितांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके बदल करून सांगते.

एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले एक काका पत्नीला घेऊन आले. बोलले तेच.

“पोरीनं दिवाळीला पुण्याहून एक खोकं धाडलं. लाकडाचे तुकडे, वायरी, कागद. तवापासून ही त्याच्यातच बसायली. हाक मारली की ‘थांबा, गोंद वाळायलाय’ म्हणती. साठीला आलेली बाई बाहुलीचं घर करायली! डोक्यावर परिणाम तर झाला नसंल?”

पुरावा म्हणून त्यांनी खिशातून डायरी काढली. ‘११.४० ते २.०५ घर. ३.१० ते ५.३० घर. चहा ५.४०, उशिरा.’ पानामागून पानं अशीच. गाड्यांच्या नोंदी करण्यात उमर गेलेली, त्यामुळे अक्षर ठाशीव आणि खाडाखोड कुठेच नाही. काकू शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

पुढच्या भेटीला मी काकूंना एकटीनं आणि ते घर घेऊन यायला सांगितलं. जुन्या साडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून त्यांनी ते आणलं. ज्यांनी असं किट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पातळ प्लायवूडवर लेझरने कापलेले, नंबर टाकलेले भाग येतात. ते सोडवायचे, कडा घासायच्या, चित्रं बघत जोडत जायचं. चिमटा लागतो, वायरीसकट बारकी एलईडी लावायची असते. बाजारातली पुष्कळ किटं १:२४ प्रमाणातली असतात, म्हणजे खऱ्या घरातल्या एका फुटाला इथे अर्धा इंच.

काकूंच्या किटमध्ये परदेशी थाटाचं स्वयंपाकघर होतं. त्यातला ओव्हन त्यांनी बसवलाच नाही. त्या जागी एम-सीलची चूल करून तिला गेरूचा हात दिला होता. शर्टाची दोन बटणं एकमेकांवर ठेवून जातं. भिंतीला मांडणी, कोपऱ्यात मण्यांची उतरंड. आणि मधोमध बंगई, म्हणजे झोपाळा. “माहेरची बंगई चार फुटाची होती, ही दोन इंचाची केली. कडी वाकडी बसायली म्हणून काढून परत लावली,” त्या म्हणाल्या. खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकला त्यांनी झटपट चिकटणारी ट्यूब वापरली होती. तिच्या वाफेनं प्लास्टिकवर पांढुरकी साय धरते, तशी ती धरली. मग लग्नातल्या शालूच्या काठाचा पडदा करून तो डाग झाकला.

“एवढा वेळ त्यात काय वाटतं?” मी विचारलं.

“हितं कुणी चहा मागत नाही, मॅडम.” आणि खळखळून हसल्या.

मी बाकीचं विचारून घेतलं. झोप चांगली. जेवण वेळेवर. नातवंडांशी रोज फोन, शेजारणीकडे जाणं-येणं सुरू. भिशी चुकवलेली नाही. किट मुलीनं दिलेलं, वरचा खर्च गोंद आणि रंगापुरता. जे करतात ते दाखवायला आवडतं. पाहुणे आले तर उठून येतात, कुरकुरतात, पण येतात. यात मला आजार कुठेच दिसला नाही.

तास मोजून आजार ठरत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात व्यसनासारख्या वर्तनांत नाव घेतलं आहे ते जुगाराचं आणि गेमिंगचं. तिथेही बघतात ते हे, की माणसाला थांबता येतं का, बाकी सगळं मागे पडतंय का, आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. मला काळजी कधी वाटेल? झोप दोन-तीन तासांवर आली आणि तरी अंगात भलताच उत्साह, एकदम दहा किटं मागवली, पैसा हातात टिकेना, तर. किंवा एकच तुकडा शंभरदा पुसावा लागतो, त्याचा त्रास होतो, तरी थांबता येत नाही, तर. साठीच्या आसपास स्वभावच पालटला, चारचौघांत काय बोलावं याचं भान सुटलं, जवळच्या माणसाच्या दुखण्याचंही काही वाटेना, तर मात्र समुपदेशकाआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. तिथे वेळ घालवू नये.

हे सगळं मी काकांना सांगितलं. नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या एडविन लट्यन्सनं १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी असंच बाहुलीघर उभं केलं, त्यात नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते आणि ते आजही विंडसरच्या किल्ल्यात आहे, हेही सांगून पाहिलं. “ते राणीचं झालं,” काका म्हणाले. मग मी महालक्ष्म्यांचा विषय काढला. दरवर्षी काकू महालक्ष्म्यांपुढे अख्खं गाव मांडतात. विहीर, बैलगाडी, बाजार, सगळं चिमुकलं. त्याचं काकांना कौतुकच. “ते देवाचं असतंय. अन् तीन दिवसांत उचलतो की आपण,” ते म्हणाले. म्हणजे खेळण्याला त्यांचा आक्षेप नव्हताच. हे तीन दिवसांत उचललं जात नव्हतं, आणि ते कुणासाठी म्हणून केलेलं नव्हतं, तिथं अडत होतं.

मी डायरी परत मागितली. “काका, ११.४० ते २.०५ काकू घर करत होत्या. तुम्ही काय करत होता?”

“मी? मी बघत होतो.”

पंधरा दिवस याच वहीत स्वतःच्या नोंदी करा म्हटलं तर भडकले. “मी काय कंडक्टर आहे का, स्वतःचं वेबिल भरायला?” पण घेऊन आले. ‘पहाटे ३.४५ जाग. ९ ते १२ काही नाही. १२ ते १ पेपर, परत तोच.’ एका पानावर नुसती तारीख होती.

पहाटे लवकर जाग येणं, कशात रस न वाटणं, बारीकसारीक गोष्टीवरून चिडणं. या वयाच्या पुरुषांत उदासी रडून फारशी बाहेर पडत नाही, खेकसून पडते. सगळं आयुष्य ज्याच्या शिट्टीवर स्टँड हललं, त्याच्याकडे आता वेळ विचारणारं कुणी नव्हतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला ते तयार झाले, पण ‘झोपेपुरतं’ या अटीवर. मी अट मान्य केली. ज्यांना दवाखान्यात जायचा संकोच वाटतो त्यांना मी सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देते. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

अशा वेळी ‘दोघांनी मिळून छंद करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. काकांनाही तो कुणीतरी दिला, आणि एलईडीची वायर जोडायला ते टेबलाशी जाऊन बसले. काकू माझ्याकडे आल्या त्या रागातच. “मॅडम, एवढं एक तरी माझं राहू द्या.” माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. पस्तीस वर्षं ज्या बाईचं टेबल, कपाट, दुपार, काहीच एकटीचं नव्हतं, तिला वाटेकरी द्यायची घाई कशाला? आम्ही तिघांनी बसून दोनच गोष्टी ठरवल्या. चारचा चहा काका करतील. आणि त्या टेबलावर काय चाललंय, हे काकू दाखवतील तेव्हाच बघायचं.

मध्यंतरी मुलीचा फोन आला. आईला दुसरं किट पाठवू का आणि बाबांनाही काहीतरी, एखादं विमानाचं वगैरे? मी म्हटलं, आईचं आईला विचार. बाबांना किट नको, फोन कर. तिच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं ती फोन आईलाच करते आणि शेवटी ‘बाबा बरे आहेत ना?’ एवढंच विचारते.

आता ती रविवारी त्यांच्या मोबाइलवर फोन करते. पहिले काही फोन ‘थांब, आईला देतो’ म्हणण्यातच संपले म्हणे.