कॅथेड्रलच्या मनोऱ्यात प्रथमच घंटा वाजवताना
लिव्हरपूल कॅथेड्रलमध्ये घंटा वाजवण्याची इच्छा असल्यास तेथील टॉवर कॅप्टनना, म्हणजे घंटावादकांच्या प्रमुखांना, आधी पत्र लिहून आपल्याला केवळ राउंड्स (सर्वांत हलक्या घंटेपासून सर्वांत जड घंटेपर्यंत क्रमाने वादन) येतात की प्लेन हंटही (प्रत्येक फेरीत घंटांचा क्रम एकेक जागेने बदलणारे साधे वादन) जमते, हे स्पष्ट कळवावे. पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या घंटांचा हा जगातील सर्वांत वजनदार संच असून त्यातील टेनर, म्हणजे सर्वांत जड घंटा, चार टनांहून अधिक भरते. तिचा मोह टाळून हलकी घंटाच मागावी. येथील लय संथ असते, त्यामुळे गावातल्या चर्चच्या सवयीने दोर घाईने ओढू नये. घंटा तोल साधून क्षणभर थांबेल इतका धीर धरावा. मध्यभागी टांगलेली सुमारे १५ टनांची ग्रेट जॉर्ज ही वेगळी घंटा मात्र केवळ पाहावी, कारण ती या वादनात फिरत नाही. कोणत्याही मोकळ्या दोराला परवानगीविना स्पर्श करू नये. वर घंटा उलटी उभी असू शकते आणि तिचा लाकडी आधार मोडल्यास दोर माणसाला उचलतो.