इंग्रजी मेलमधली अवघडलेली वाक्यं सरळ कशी करायची?

तुम्ही सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं, डिस्पॅच सांभाळता आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना मेल लिहिता. साहेब म्हणतात वाक्यं अवघडलेली असतात, म्हणून 'प्लीज डू द नीडफुल', 'रिव्हर्ट बॅक' असल्या शब्दप्रयोगांच्या जागी वापरायला शुद्ध शब्दप्रयोगांची यादी तुम्ही मागितली आहे. मीही सांगलीतच असतो. तासगाव भागातल्या द्राक्ष आणि बेदाणा व्यापाऱ्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार बघणं हे माझं काम आहे. तुमच्यासारखीच वाक्यं रोज माझ्या टेबलावर येतात, म्हणून खात्रीनं सांगतो की यादीनं काम होणार नाही. वाक्यातलं क्रियापद कुठं हरवलंय ते शोधायला शिका, बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

क्रियापद हरवतं कसं, ते आपल्या मराठीतच बघा. नामाला 'करणे', 'देणे', 'घेणे' जोडून आपण क्रियापद बनवतो: तपासणी करणे, खात्री करणे, निर्णय घेणे. मराठीला ते शोभतं. तीच सवय इंग्रजीत आली की 'वी हॅव डन द चेकिंग ऑफ द मटेरियल' किंवा 'प्लीज डू द कन्फर्मेशन ऑफ द ऑर्डर' अशी वाक्यं तयार होतात. इंग्रजीत बहुतेक वेळा त्या नामाच्या पोटातच क्रियापद असतं. ते बाहेर काढा: 'वी चेक्ड द मटेरियल', 'प्लीज कन्फर्म द ऑर्डर'. 'मेक द पेमेंट ऑफ द बिल' नको, 'पे द बिल' पुरे. शब्द कमी होतात, आणि मधल्या 'ऑफ', 'द' यांच्या चुका करायला जागाच उरत नाही.

'डू द नीडफुल' याच घराण्यातलं. ते आपल्या 'योग्य ती कार्यवाही करावी' याचं इंग्रजी भावंड. एके काळी इंग्लंडातही ते लिहीत, आता तिकडे ते जुनाट वाटतं. पण जुनाटपणापेक्षा मोठा दोष असा, की समोरच्यानं नेमकं काय करायचं ते त्यात कुठंच नाही. ड्रॉइंग मंजूर करायचं आहे का? मग 'प्लीज अप्रूव्ह द ड्रॉइंग'. पर्चेस ऑर्डर हवी आहे? 'प्लीज सेंड द पर्चेस ऑर्डर'. दर वेळी बदली वाक्य वेगळं निघतं, म्हणून मी यादी देत नाही. स्वतःला मराठीत विचारायचं, 'मला त्याच्याकडून काय हवंय?' उत्तरात जी क्रिया येईल तीच लिहायची.

आता जिथं खरोखर पैसे अडकतात ती गोष्ट. मराठीत 'पर्यंत' एकच आहे. 'गुरुवारपर्यंत माल पाठवतो' आणि 'गुरुवारपर्यंत थांबतो', दोन्हीकडे तोच शब्द. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतो, दुसऱ्याला 'टिल' किंवा 'अन्टिल'. काम त्या वेळेच्या आत एकदा पुरं होणार असेल तर 'बाय'. काहीतरी त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर 'टिल'. 'वी विल सेंड द मटेरियल टिल थर्सडे' असं लिहिलं तर परदेशी माणूस असंही समजू शकतो, की गुरुवारपर्यंत तुम्ही माल पाठवत राहणार आणि मग बंद करणार. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम असतो, रॉटरडॅमला जाणारा कंटेनर ठरलेल्या बोटीवर चढायचा असतो. तिथं हा एवढासा शब्द फार महत्त्वाचा ठरतो. तुमच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतलेल्या भागांचंही तसंच असणार.

'पासून'ची गत हीच. 'सहा वर्षांपासून' आणि '२०१९ पासून', मराठीत एकच प्रत्यय. इंग्रजीत कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'. शिवाय काम अजून चालू असेल तर क्रियापदाचं रूपही बदलतं. 'वी आर सप्लायिंग सिन्स सिक्स इयर्स' हे आपल्याकडच्या मेलमध्ये सर्रास दिसतं. शुद्ध रूप 'वी हॅव बीन सप्लायिंग फॉर सिक्स इयर्स', किंवा '...सिन्स २०१९'. 'बाय' आणि 'टिल', 'फॉर' आणि 'सिन्स' या दोन जोड्या पक्क्या झाल्या तर तुमच्या मेलमधला मोठा अवघडलेपणा निघून जाईल. व्याकरणाचं अख्खं पुस्तक आधी घेऊन बसू नका.

आता आदराचं. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण इथं माणसं वाईट हेतूनं नाही, चांगुलपणानं अडकतात. मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'पाठवा', 'पाठवावे', 'आपण पाठवाल का' यांत पायऱ्या आहेत. इंग्रजीत 'यू' एकच, तू, तुम्ही आणि आपण सगळ्यांना. मग आपल्याला वाटतं वाक्य उद्धट झालं, आणि ती भरपाई करायला आपण 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली', 'हंबली रिक्वेस्ट', 'युअर गुडसेल्फ' असे शब्द एकावर एक रचतो. इंग्रजीत नम्रता वाक्याच्या घडणीत असते. 'कुड यू सेंड द टेस्ट रिपोर्ट बाय मंडे?' एवढं म्हटलं की पुरेसा आदर झाला. त्यापुढं 'काइंडली' घातलं तर उलट तगादा लावल्यासारखं वाचलं जातं, विशेषतः 'काइंडली नोट' लिहिलं तर. तुमची अदब खरी आहे, ती सोडू नका; फक्त ती 'कुड यू' आणि 'थँक यू फॉर' यांत ठेवा.

दुसरी अडचण वाक्याच्या क्रमाची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आपला वाचक तोवर धीर धरतो. म्हणून आपण इंग्रजीतही आधी 'विथ रेफरन्स टू युअर मेल डेटेड अमुक रिगार्डिंग द अबव्ह सब्जेक्ट' असं सगळं मांडून झाल्यावर, चौथ्या ओळीत माल निघाल्याचं सांगतो. गिऱ्हाईक मोबाइलवर पहिल्या दोन ओळी वाचतं. तिथं लिहा: 'वी डिस्पॅच्ड युअर कास्टिंग्ज टुडे. दे शुड रीच यू बाय द ट्वेल्फ्थ.' संदर्भ क्रमांक खाली टाकला तरी चालतो.

ही लांबलचक सुरुवात म्हणजेच खरं साहेबी इंग्रजी, असं आपल्याकडे अजून मानतात. पण खुद्द इंग्रज साहेबानंच ते सोडायचा प्रयत्न केला, त्याला कितीतरी वर्षं झाली. ब्रिटिश सनदी अधिकारी सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी तिथल्या अर्थखात्याच्या विनंतीवरून, सरकारी नोकरांनी साधं इंग्रजी लिहावं म्हणून एक पुस्तिका लिहिली, ती १९४८ साली निघाली. अमेरिकेत तर २०१० साली सरकारी कागद लोकांना समजेल अशा भाषेत लिहिण्याचा कायदाच झाला. त्यामुळं तुम्ही साधं लिहिलंत तर तुमच्या साहेबांना बिनधास्त सांगा, की हे कच्चं इंग्रजी नाही.

किरकोळ गोष्टी झटपट सांगतो. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. उत्तर हवं असेल तर 'रिप्लाय'. 'डिस्कस अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस'. 'टुडे मॉर्निंग' नाही, 'धिस मॉर्निंग'. 'वी आर हॅविंग स्टॉक' नाही, 'वी हॅव स्टॉक'. 'फ्रॉम आवर साइड' हे आपलं 'आमच्याकडून', ते बहुतेक वेळा नुसतं खोडून टाकलं तरी काही बिघडत नाही. 'प्रीपोन'बद्दल मात्र मी भांडेन. तो शब्द भारतात रुळला, अर्थ स्वच्छ आहे, ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तो आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला खुशाल लिहा. जर्मनीत किंवा हॉलंडमध्ये तो माहीत असेलच असं नाही, म्हणून तिथं 'कॅन वी मूव्ह द मीटिंग अप टू ट्यूसडे?' लिहा.

व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. 'वी विल होल्ड द कंटेनर टिल थर्सडे' हे वाक्य व्याकरणात बिनचूक आहे. तुम्हाला कंटेनर गुरुवारच्या आत रवाना करायचा होता, हे त्या यंत्राला कुठून कळणार? आधी मराठीत एक ओळ लिहा: कोणी, काय, कधी. मग इंग्रजी वाक्यात ती तिन्ही उत्तरं सापडतात का ते बघा, आणि त्यानंतर सॉफ्टवेअरला दाखवा.

एक पथ्य तेवढं पाळा. जिल्हा परिषद, वीज कंपनी, बँक इथं जाणाऱ्या इंग्रजी अर्जांना हे सगळं लगेच लावू नका. तिथल्या टेबलांना विषय, संदर्भ आणि 'रिस्पेक्टेड सर' याच क्रमाची सवय आहे, आणि त्यावाचून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत. तिथं साचा तोच ठेवा, आतलं मागणीचं वाक्य मात्र सरळ करा.

आणि हो, तुमचे दोनतीन खरे मेल गिऱ्हाइकाचं नाव, दर वगैरे खोडून इथं टाकलेत तर वाक्यागणिक बदल सुचवीन.